खंडेनवमीला पुजलेली नक्षी

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. येळ्ळूरकडचा शेतकरी नांगर-कोयता पुजतो, विणकर माग पुजतो आणि मी कॉम्प्युटर पुजतो. कारण वडगावातल्या मागांना साड्यांच्या नक्ष्या काढून देणं हा माझा धंदा. पूजेचा नियम असा की हत्यार अर्धंमुर्धं पुजायचं नाही. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवाय माग पुजला तर तो वर्षभर रुसतो म्हणतात. त्या वर्षी मला नको तिथं अक्कल सुचली. सगळ्या नक्ष्यांची दुसरी प्रत ठेवलेली हार्डडिस्क एरवी कपाटात असायची. ती काढली, हळदकुंकू लावलं आणि कॉम्प्युटरला जोडली. शेजारच्या आक्कांच्या चारी मागांना नक्षी पुरवणारी एकुलती पेनड्राईव्ह रंग बदलायला माझ्याकडं आली होती, तीही खोचली. पडद्यावर देवीचा फोटो लावलेला, त्यामुळं मशीन बंद करवेना. देवीला कोण विझवणार? आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून इंटरनेटही तसंच चालू राहिलं.

दसऱ्याला सोनं वाटून घरी आलो आणि बघतो तर देवी गायब. तांबडा पडदा, वर उलटं पळणारं घड्याळ आणि खाली इंग्रजीत दमदाटी. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलंय, किल्ली पाहिजे तर तीन दिवसांत अमुक इतके बिटकॉइन भरा, नंतर दुप्पट. आमच्या सीमाभागात पाटीवरच्या मराठी-कन्नड अक्षरांवरून मोर्चे निघतात. हा गडी घरात घुसून इंग्रजीत दरडावून गेला, तर कुणी हूं का चूं केलं नाही.

बरं, हा पाहुणा आला कुठून? मीच बोलावलेला. नक्षी काढायचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला महाग, म्हणून कुणीतरी कुलूप फोडून इंटरनेटवर टाकलेलं फुकटातलं मी नवमीच्या आदल्या दिवशी उतरवून घेतलं होतं. चोरावर मोर म्हणतात ते हेच. पण तेव्हा हसू आलं नाही. हार्डडिस्क उघडली, तीही कुलूपबंद. आक्कांची पेनड्राईव्हही तशीच.

बाकीचे विणकर वाचले, कारण त्यांच्या पेनड्राईव्ह त्यांच्या मागालाच होत्या. बुडाल्या त्या एकट्या आक्का. त्यांचे चार माग, आणि चारही मागांवर एकच काठ, त्यांच्या मालकांनी, म्हणजे यजमानांनी, आलेखाच्या कागदावर हातानं काढलेला. मालक जाऊन बारा वर्षं झाली, पण दुकानदार अजून तोच काठ मागायचे. पूर्वी ही नक्षी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर होती, पोतीच्या पोती. "आक्का, ही रद्दी कशाला सांभाळताय? सगळं कॉम्प्युटरात आलंय," असं त्यांना कोण म्हणालं? मीच. त्यांनी ती कार्डं, आलेखाच्या कागदासकट, अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. दोन महिने पाणी छान तापलं.

त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्या धाग्याच्या कांड्या भरत होत्या. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "फोन लाव त्यास्नी. बाईमाणसाचं ऐकतील."

"आक्का, त्यांचा फोन नसतो."

"मग पैसं कुठं भरायचं? आपल्या सोसायटीत चालतंय व्हय ते बिटकॉइन?"

मी नाही म्हणालो. मागितलेला आकडा सांगितल्यावर त्यांनी कांडी खाली ठेवली. "येवढ्यात चारी माग येतील की रं," त्या म्हणाल्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, दुकानाची मागणी आलेली, आणि माग मुके उभे. महिनाभरात माल दिला नाही तर दुकानदार दुसऱ्याच्या दारात जाणार, ते मला सांगायची गरज नव्हती.

पोलिसांत गेलो. साहेबांनी बिचाऱ्यांनी खुर्ची दिली, अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला आणि विचारलं, काय चोरीला गेलं? म्हटलं, काही नाही, सगळं जागच्या जागी आहे. त्यांनी वही मिटली.

एकच वाट राहिली. विणलेल्या साडीवरून धागे मोजून नक्षी परत उतरवायची. पण साडी? आक्कांच्या घरात त्या काठाची एकही साडी नव्हती, मागांवरची शेवटचीही पूजेआधी उतरून विकली गेलेली. विकायचा माल घरात नेसला तर खाणार काय, हा त्यांच्या घरचा हिशेब. गल्लीत विचारलं, कुणाकडं नाही. शेवटी कळलं की निपाणीच्या एका दुकानात एक नग शिल्लक आहे. आम्ही दोघं एस्टीनं गेलो.

तिथल्या सेल्समननं साडी झोकात पसरली आणि आक्कांनाच समजावायला लागला. "मावशी, हा काठ दुसरीकडं न्हाय मिळायचा. हात लावून बघा, विणकाम कशाला म्हणत्यात ते कळंल." माझं डोकं फिरलं, मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्कांनी माझा दंड दाबला. "व्हय का?" एवढंच म्हणाल्या. त्यांना एका साडीला मिळायचे त्याच्या चौपट किंमत. घासाघीस करून बघितली, तर फिक्स रेट. आक्कांनी कमरेची पिशवी सोडली. तांबड्या पडद्यावाल्याला आम्ही दमडी दिली नाही. खंडणी निपाणीत भरली, पक्क्या पावतीसकट.

घरी आल्यावर मी भिंग, टाचणी, आलेखाचा कागद घेऊन त्यांच्या पुढच्या सोप्यात बसलो. काठ वरून मोजता येतो, पण आतले धागे कसे गुंतलेत ते पट्टी कापून उसवल्याशिवाय कळत नाही. हे आक्कांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मी कात्री काढली तशा त्या म्हणाल्या, "थांब जरा," आणि साडी घेऊन आत गेल्या.

बाहेर आल्या त्या ती नेसून. हातात आरसा, तोही दाढी करायचा छोटा. त्यात कधी खांद्यावरचा काठ बघत होत्या, कधी निऱ्यांवरचा. सगळी साडी काही त्यात मावेना.

"तीस वरसं विणली रं. अंगावर कशी दिसती ते ठावंच नव्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लई भारी दिसतीय, आक्का," म्हणालो, आणि खरंच दिसत होती.

त्यांनी पदर एकदा नीट केला. मग आत जाऊन साडी सोडून आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि काठ दोन्ही हातांनी ताणून धरला.

"बघून झालं. काप आता."