टाकी म्हणजे दर्या नाय

कोणी पडलं की तांडेल आधी मागे सरत. एकदा कँटीनमधला वाढपी ओल्या फरशीवरून घसरला आणि आमटीच्या पातेल्यासकट आडवा झाला. आम्ही ताटावरून उठून धावलो, आणि तांडेल, आमच्या कारखान्याचे सेफ्टी इन्स्पेक्टर, मात्र दोन पावलं मागे जाऊन छताकडे, पंख्याच्या वायरीकडे, गॅसच्या नळीकडे बघत उभे. सगळं न्याहाळून झाल्यावर सावकाश पुढे आले आणि त्या बिचाऱ्याचं कोपर तपासलं. तोवर तो उठून हसायलाही लागला होता. पॅकिंगमधल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांनी त्यांचं नाव ‘रिव्हर्स गियर’ ठेवलं होतं, आणि ते तांडेलांच्या कानावर घालायचीही पोरांना भीती वाटत नसे.

तांडेल हेही टोपणनावच. सातपाटीच्या कोळीवाड्यात बोटीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. यांचे वडील खरोखरचे तांडेल, आणि हे स्वतः तरुणपणी त्यांच्या बोटीवर जात. पुढे तारापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागले तरी नाव सुटलं नाही. त्यांच्या गावात अजून एक गोष्ट सांगतात. वारं सुटलेलं असताना शेजारच्या बोटीवरचा खलाशी पाण्यात गेला, तेव्हा यांनी मागचापुढचा विचार न करता उडी ठोकली आणि त्याला केसांना धरून वर काढलं. गाव त्यांना त्या उडीमुळे ओळखत असे. कारखान्यात मात्र उड्या मारणाऱ्यांशी त्यांचं वैर होतं.

आमच्याकडे टोल्यूइन लागे. दिसायला पाण्यासारखं, वासाला थिनरसारखं, झाकण उघडं राहिलं की हवेत उडून जाणारं. कामगारांची त्याच्याशी भलतीच घसट. हाताला ग्रीस लागलं की टोल्यूइनच्या डब्यात हात बुडवायचे. कातडी पांढरी पडून तडकली तरी सवय जात नसे. असा डबा दिसला की तांडेल तो उचलून नेत आणि जागी साबणाची वडी ठेवून जात. त्यावरून भांडणं होत. आपल्याला तर आता वासच येत नाही, अशी कोणी बढाई मारली की त्यांचा पारा चढे. “वास येत नाय म्हंजे वाफ गेली नाय, तुजं नाक गेलं. नाकाला इचारू नको, मीटरला इचार.” हवेतली वाफ मोजायचं ते मीटर त्यांच्या गळ्यात कायम लटकलेलं असे.

माणूस भारी कटकट्या, हे सांगायलाच हवं. मी प्रयोगशाळेत होतो, मलाही सोडत नसत. दिवाळीला घेतलेला माझा नवा कोरा टेरिलिनचा शर्ट बघून त्यांनी मला ड्रमच्या शेडमधून अक्षरशः हाकललं. असल्या कापडाने ठिणगी पडते, सुती घालून या, म्हणाले. मी बोईसरला खोलीवर जाऊन शर्ट बदलून आलो, रिक्षाचं भाडं अंगावर पडलं, आणि दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडली. संध्याकाळी तेच शिफ्टच्या बसमध्ये शेजारी येऊन बसले आणि सातपाटीचे सुके बोंबील मला हवेत का, म्हणून विचारू लागले. हवे होतेच.

टाक्या साफ करायला कंत्राटी माणसं येत, त्यात सातपाटीचेही असत. त्यांच्यापुढे तांडेलांचं भाषण ठरलेलं. “दर्यात माणूस पडला तर उडी मारा. मीबी मारलीय. टाकीत पडला तर जागचं हलू नका. टाकी म्हंजे दर्या नाय. तिथं खाली वाफ बसलेली असते, मागनं जाईल तो त्याच्या बाजूला झोपंल.” सगळे माना डोलवत. खरं कोणालाच वाटत नसे. ज्या गावात जोडीदार पाण्यात असताना बोटीवर उभा राहिलेला माणूस पुन्हा तोंड दाखवू शकत नाही, तिथल्या लोकांना हे पटायचं कसं?

रमाकांत आणि जितू हे दोघे भाऊ त्यांच्याच आळीतले. काम तांडेलांनीच मिळवून दिलं होतं. त्या दिवशी टोल्यूइनची रिकामी टाकी धुऊन, पंखा लावून, मीटरने तपासून सकाळी दिली होती. जितू आत उतरून तळाचा गाळ खरवडत होता, रमाकांत वर तोंडाशी पहाऱ्याला. जेवायला जितू वर आला, पंखा बंद केला. जेवणानंतर पुन्हा तपासल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम. तांडेल मीटर घेऊन येतच होते. पण सकाळभर तर आतच होतो, आता काय नवीन, म्हणून जितू दोर न बांधताच उतरला. खरवडलेल्या गाळातून वाफ सुटत राहिली होती. तो खाली पोचला आणि बसला, तो बसलाच.

आरडाओरडा ऐकून मी प्रयोगशाळेतून बाहेर आलो तेव्हा रमाकांतचा एक पाय टाकीच्या आत होता. तांडेलांनी मागून कंबरेला मिठी घालून त्याला खेचला, दोघेही जमिनीवर पडले, आणि हे चक्क त्याच्या छातीवर बसले. हवेच्या बाटलीचा मास्क आणायला माणूस पळाला होता. रमाकांत त्यांना ओरबाडत होता, त्याने त्यांच्या हाताला चावा घेतला.

“सोड मला! भाऊ हाय माजा आत.”

“म्हणूनच सोडत नाय,” तांडेल म्हणाले.

मास्क आला. रमाकांतला चौघांच्या ताब्यात देऊन, त्या वयात, ते स्वतः तो चढवून आत उतरले आणि जितूला दोराला बांधून वर पाठवलं. पण उशीर झाला होता. बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली.

चौकशीत तांडेलांचं वागणं बरोबर ठरलं. सातपाटीत ठरलं नाही. तरुणपणी परक्यासाठी उडी मारणारा माणूस पगाराच्या नोकरीने भित्रा झाला आणि सख्ख्या भावालाही जाऊ दिलं नाही, असं आळीत बोललं गेलं. हळदीची बोलावणी बंद झाली. बाजारात त्यांच्या बायकोच्या टोपलीशेजारी जितूची आई बसायची, ती उठून लांब बसू लागली. रमाकांत कारखाना सोडून बोटीवर गेला. तांडेलांनी कोणालाच काही समजावलं नाही. मला त्या गावाचा संताप येई, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा त्याहून जास्त.

ते निवृत्त झाल्यावर एकदा मुद्दाम सातपाटीला गेलो. बंदरावर बोटी लागत होत्या. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो, इतक्यात समोरून रमाकांत आला. अंग भरलं होतं, कानशिलं पांढरी झाली होती, डोक्यावर पापलेटचा क्रेट, आणि मागे त्याची लहान मुलगी बापाची चप्पल हातात घेऊन पळत होती. आम्हाला बघताच त्याने मान वळवली आणि तसाच पुढे गेला.

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, तुम्ही धरलं नसतं तर हाही गेला असता, हे कोणी याला सांगत कसं नाही?

“सांगून काय दिसनार? त्याला दिसतं ते एकच, मी धरला. माजा भाऊ आत असताना मला कुनी असं धरलं असतं, तर मीबी नसतो बोललो.”

“आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?”

तांडेल त्या मुलीकडे बघत होते. तिच्या हातातून एक चप्पल पडली होती, ती उचलून तिने पुन्हा बापाला गाठलं.

“वाटतं ना. मी रोज सकाळी येऊन बसतो हितं. रोज तोंड फिरवून जातो तो,” ते म्हणाले. “पन जातो.”