आधी ऐका, मग खा

गांगुर्डेबाईंच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला खाण्याआधी एक वाक्य ऐकावं लागे. समोर बशीत चॉकलेटचा गरम केक, शेजारी वाफाळती कॉफी. पाहुणा हात पुढे करणार तेवढ्यात बाई म्हणत, "आम्ही बौद्ध आहोत. आता खा." आवाजात राग नाही की आर्जव नाही, वर्गात हजेरी घ्यावी तसं. मग स्वतःचा कप उचलून त्या खिडकीबाहेर बघत बसत. ज्याला उठून जायचं असेल त्याला कोणाची नजर न चुकवता जाता यावं, म्हणून.

मलाही ते ऐकावं लागलं. आणीबाणी उठली त्या वर्षी मी नामपूरहून नाशकात मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले. आमचं घर कांदा पिकवणाऱ्यांचं. शहरात ओळखीचं कुत्रंदेखील नव्हतं. शास्त्र शिकवणाऱ्या गांगुर्डेबाई शाळेत मला बऱ्याच वरिष्ठ. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं, तिथे त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं आणि त्यातली एक त्या मला देणार होत्या. खोली बघायला गेले तर आधी केक पुढे आला, मग ते वाक्य. मी काही फार मोठा विचार केला नाही. पहाटेच्या एस.टी.नं आले होते, पोटात कावळे ओरडत होते, मी खाल्लं. दुसरा मागितला. बाई म्हणाल्या, "खोली तुझी. भाड्याचं नंतर बोलू."

या सवयीमागची हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्या जुन्या नाशकात एका चाळीत राहायच्या. घरमालकिणीनं त्यांच्या हातचा केक वाहवा करत खाल्ला, घरी बांधूनही नेला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला बाईंची जात सांगितली. तेव्हा ती चाळीतल्या सामायिक नळावर आली आणि सगळ्या बायका बघत असताना तिनं खळखळून चुळा भरल्या. एक नाही, चांगल्या पाच-सहा. बाई दारात उभ्या राहून शेवटच्या चुळेपर्यंत बघत होत्या. "त्या दिवशी ठरवलं," त्या म्हणाल्या, "आपल्याकडून कोणाला नकळत खायला घालायचं नाही. चुळा भरायच्यात तर खाण्याआधी भरा."

गांगुर्डे हे आडनाव आमच्या जिल्ह्यात कोणाचंही असू शकतं, त्यामुळे लोकांची मोठी पंचाईत व्हायची. आडनाव कळलं की गाव विचारायचं, गाव कळलं की त्या गावातले अमुक पाटील तुमचे कोण, असं विचारायचं. अशी चाचपणी सुरू झाली की बाईंचा पारा चढे. "गाव कशाला विचारता? जे विचारायचंय ते विचारा," असं तोंडावर म्हणत. शाळेत त्यांना फटकळ म्हणत. मला विचाराल तर त्या फटकळ नव्हत्या. फक्त समोरच्याला आडोसा द्यायच्या नाहीत.

केक करायला त्या वडिलांकडून शिकल्या. वडील देवळाली कॅम्पातल्या एका मेसमध्ये आचारी होते. गोऱ्या साहेबांच्या न्याहारीला ते मफिन करायचे. "साहेब खायचा, साहेबाचा हिंदुस्थानी कारकून खायचा नाही," हे सांगताना बाईंना दर वेळी हसू येई. बाईही त्यांना मफिनच म्हणायच्या, पण कॉलनीत त्यांचं नाव पडलं वाटीकेक, कारण साचे नव्हते. स्टीलच्या वाट्यांना आतून लोणी चोपडायचं, त्यावर चिमूटभर मैदा भुरभुरायचा आणि कोकोचं मिश्रण अर्ध्या वाटीपर्यंतच ओतायचं. मग त्या वाट्या गोल ॲल्युमिनियमच्या विजेच्या ओव्हनमध्ये जात. त्याच्या झाकणाला छोटी काच होती. काचेतून कितीही वेळ बघायची मुभा होती, झाकणाला हात लावायची नव्हती. "भिऊन उघडलंस की बसलाच तो," असं बजावत. कॉफी मात्र कडू आणि काळपट. आमच्याकडे कॉफी म्हणजे आजाऱ्याला द्यायचं जायफळ घातलेलं गोड दूध. मी जायफळाचं नाव काढलं तेव्हा, ते स्वतःच्या घरी घाल, असं उत्तर मिळालं.

माझी आई नामपूरहून यायची तेव्हा तिला बाईंच्या घरात हटकून उपास असायचा. सोमवारी उपास समजू शकतो, पण हिचा मंगळवारी असायचा, बुधवारीही असायचा. "माले आज उपास शे," असं म्हणून ती बशी हळूच माझ्याकडे सरकवायची. माझी मान खाली जायची. बाई मात्र ओळीनं उपास मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईसमोर नुसता कॉफीचा कप ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "कॉफी उपासाला चालते." आईनं माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि काहीच निमित्त सापडेना तेव्हा प्यायली. पुढच्या खेपेला तिला उपास नव्हता.

शाळेत बाईंची खरी मैत्रीण एकच, निकमबाई. भूगोल शिकवायच्या, बोलघेवड्या, प्रेमळ. बाईंच्या घरी बसून त्यांनी किती वाटीकेक फस्त केले असतील याची गणती नाही. त्यांची मुलगी मंदा तर दर रविवारी आमच्याकडेच असायची. मिश्रण ती घोटायची, काचेला नाक लावून ती बसायची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. मंदाचा त्यांना किती लळा होता हे सगळ्यांना दिसायचं, फक्त त्या स्वतः कबूल करायच्या नाहीत.

मंदाचं लग्न ठरलं. मुलगा इंजिनीअर, पिंपळगाव बसवंतच्या बड्या द्राक्षबागायतदाराच्या घरातला. साखरपुड्याला काहीतरी नवीन हवं म्हणून निकमबाईंनी वाटीकेक करून मागितले, आणि मागतानाच आवाज खाली घेऊन म्हणाल्या, फक्त बेकरीतून आणले असं सांगू या. मंडळी जुन्या वळणाची आहेत, एका दिवसाचा प्रश्न आहे. मी तिथेच वह्या तपासत बसले होते, माझं पेन थांबलं. बाईंनी ओव्हनची काच पुसून घेतली. मग म्हणाल्या, "मंदासाठी करते. पण बेकरीचं नाव माझ्या तोंडून येणार नाही."

निकमबाई घाईघाईनं म्हणाल्या की तुम्हाला बोलावंच लागणार नाही, मी बोलेन.

आदल्या दिवशी आम्ही दोघी सबंध दुपार केक भाजत होतो. बाईंनी अंडं घातलं नाही, दह्यात सोडा फेसून घातला. अंड्याचं निमित्त मी त्यांना मिळू देणार नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. साखरपुड्याला जाताना रिक्षात मी त्यांना विनवलं, आजच्या दिवस गप्प बसा, मंदाच्या जन्माचा प्रश्न आहे. त्या मांडीवरच्या परातीचं फडकं सारखं करत राहिल्या.

साखरपुडा छान झाला. नारळ दिला, ओटी भरली, साखरेचा पुडा हातात पडला. मग बशा फिरल्या. मुलाच्या आईनं केक हातात घेऊन वास घेतला आणि कौतुकानं विचारलं की कुठल्या बेकरीतला, लग्नालाही हेच सांगू. निकमबाई म्हणाल्या, "कॉलेज रोडला आहे एक, आमच्या ओळखीची."

मी बाईंकडे पाहिलं. त्या मंदाकडे बघत होत्या. मंदाची मान खाली होती, कपाळावर मळवट ताजा होता. मुलाच्या आईनं केक तोंडाजवळ नेला आणि बाई उठल्या.

"थांबा. हे बेकरीतले नाहीत, मी केलेत. माझं नाव शकुंतला गांगुर्डे. आम्ही बौद्ध आहोत. आता खा."

मुलाच्या आईनं केक बशीत परत ठेवला, अगदी हळू, फुटेल की काय अशा बेतानं. तिचं बघून बाकीच्यांच्या बशाही एकेक करून खाली गेल्या. मुलगा चप्पल शोधावी तसा जमिनीकडे बघत राहिला. तेवढ्यात मंदा पाटावरून उठली, समोरच्या बशीतला केक उचलला आणि सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ला. मग दुसरा उचलला. पुढे मी तिला विचारलं की दुसरा कशासाठी गं? तर म्हणाली, "पहिला चुकून खाल्ला असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून."

पंधरवड्यात निरोप आला की पत्रिका जुळत नाही. साखरपुड्यानंतर पत्रिका बघणारे लोक मी तेव्हाच पाहिले. गावानं खापर बाईंवर फोडलं. पोरीच्या संसारात माती कालवली म्हणे. निकमबाईंनी बोलणं टाकलं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची बाईंच्या शेजारून दाराकडे गेली. मीही चिडून बाईंना म्हटलं, एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? त्यांचे डोळे भरलेले मी त्या एकाच वेळी पाहिले, पण आवाज हलला नाही. "मला तिच्यासाठी फार वाईट वाटतं. पण मी एक दिवस गप्प बसले असते ना, तर ती त्या घरात जन्मभर गप्प बसली असती." मंदा आईशी भांडून रविवारची येतच राहिली. नोकरीला लागली, स्वतः निवडलेल्या मुलाशी तिनं लग्न केलं, आणि त्या लग्नात वाटीकेक बाईंच्या नावानं वाटले. निकमबाई मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होत्या.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा बाई गेल्या. सकाळी शाळेला निघताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाला त्यांच्या गावाकडची माणसं आली होती, पुढे त्यांची म्हातारी मावशी बसली होती. वंदना झाली. कॉफी मी केली होती, कडूच. तेवढ्यात दारात निकमबाई दिसल्या, एकट्या, हातात झाकलेली परात. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. इतक्या वर्षांत दोन गल्ल्या ओलांडता आल्या नाहीत आणि आता आल्या. ज्यांना हे बघायला मिळायला हवं होतं त्या भिंतीवरच्या फोटोत होत्या.

निकमबाईंनी फडकं काढलं. स्टीलच्या वाट्या होत्या आणि प्रत्येक वाटीतला केक मधोमध बसलेला होता. झाकण पुन्हा पुन्हा उघडलं असणार. कोणाशी न बोलता त्या सरळ मावशींपुढे जाऊन खाली बसल्या, एक वाटी त्यांच्या हातात दिली. मावशींनी चमचा उचलला तसा निकमबाईंनी त्यांचा हात धरला. त्यांचे शब्द सगळ्या खोलीला ऐकू गेले.

"थांबा, मावशी. हे मी केलेत. आम्ही मराठा आहोत. आता खा."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चमचा वाटीत घातला, घास खाल्ला, सावकाश चावला.

"मधी कच्चं हाय," त्या म्हणाल्या. "बस हितं. काफी घे."