लातूरला शिकवायला कोण जाणार?

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नांदेडच्या आमच्या दवाखान्यात नवी यंत्रणा आली तेव्हा माझ्या छातीत जी जळजळ उठली, तिचं कारण ॲसिडिटी नव्हतं. कारण होती आपा.

आपा आणि मी एकाच वॉर्डातल्या सिस्टर. ती जराशी मोठी, म्हणून अख्खा दवाखाना तिला आपा म्हणतो. आता यंत्रणा म्हणजे काय, तर पेशंटच्या मनगटाला बारकोडची पट्टी आणि आमच्या हातात टॅब. आधी पट्टी स्कॅन करायची, मग औषध द्यायचं. टॅबवर हिरवं आलं तर पुढे जायचं, लाल आलं तर थांबायचं. कंपनीकडून शिकवायला आलेले सर म्हणाले, "तुमच्यातली जी चांगली तयार होईल, ती लातूरच्या शाखेत जाऊन तिथल्या स्टाफला शिकवेल."

लातूर! माझं माहेर! आणि त्या शाखेत सिस्टर कोण? माझी वहिनी. जिनं मला मेथी निवडण्यापासून बीपी घेण्यापर्यंत सगळं शिकवलंय, मी विचारलेलं नसताना. तिला समोर बसवून "वहिनी, बोट असं नाही, असं" म्हणायचं सुख माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं.

जाणार तर मीच, यात मला शंका नव्हती. मी रील टाकणारी बाई. आपा व्हॉट्सॲपवर फक्त अंगठा पाठवते. पण या बयेनं टॅबचं नाव ठेवलं 'बेगम', आणि "चल गं बेगम, राउंडला" म्हणत अशी सुटली, की पासवर्ड विसरलेले डॉक्टरसुद्धा तिच्या टेबलापाशी घुटमळायला लागले. सर तिला म्हणायचे, "वा, आपा!" मला म्हणायचे, "हळू, मॅडम." त्या 'वा'नं माझा दुपारचा डबा गोड लागेना. एक समाधान होतं. आपा प्रत्येक कॉटपाशी "काय मामू, जेवले का?" करत रेंगाळायची. वेगात मीच पुढे होते.

शेवटी सरांनी आम्हा दोघींची परीक्षा ठेवली. त्या सकाळी सर माझ्या मागे उभे, त्यांच्या मागे आपा. माझ्या वाट्याला देवणीकडचे एक आजोबा आले होते, नुकतेच भरती झालेले. कॉटवर डोक्यापर्यंत चादर ओढून गाढ झोपलेले, पट्टीचा हात तेवढा बाहेर. मी रुबाबात टॅब फिरवला. टिंग! हिरवं!

"बघा सर," मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तोंडसुद्धा बघायची गरज नाही!"

इंजेक्शन भरलं, दंडाला स्पिरिटचा बोळा लावला. त्या गारव्यानं चादर उडाली आणि आतून काळ्याभोर मिशांचा एक गडी ताडकन उठून बसला.

"ओ बाई! मी पेशंट न्हाई, मी जावई हाय!"

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून खरे आजोबा खोकत आत आले. मी त्यांच्यावरच घसरले. "पट्टी का काढली, आजोबा?"

"गेटवाला सोडून न्हाई राहिला जावईबापूला. मग साबण लावून काढली अन् खाली जाऊन दिली त्यांना. पास हाय न्हवं तो?"

"आणि कॉट?"

"लई लांबून आले यष्टीनं. म्या कॉटवर लोळू अन् जावयाला फरशीवर बसवू व्हय?"

मी आशेनं सरांकडे पाहिलं. यात माझी काय चूक? जावई कॉटवर असतो हे टॅबला तरी कुठं ठाऊक होतं? पण सर हसू दाबत आपाकडे वळले. "आपा, तुम्ही काय केलं असतं?"

"आधी हाक मारली असती," आपा म्हणाली. "मग बेगमला विचारलं असतं."

झालं. सरांनी तिथंच सांगून टाकलं, सोमवारी लातूरला आपा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासरे-जावयांनीही. मीही वाजवल्या, पण अशा की आवाज येऊ नये.

आपानं माझा हात धरला. तिचा चेहरा असा फुललेला, की मला तो बघवेना. "नाराज नको होऊ गं. तुझ्या माहेराहून काय आणू तुला?"

काही नको, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. पण सरांसमोर, डॉक्टरांसमोर, त्या मिशाळ जावयासमोर माझ्या तोंडून निघालं, "आणू काहीच नको, आपा, फक्त तेवढं माझ्या वहिनीला काही शिकवू नकोस!"