घाटावरचा नारळ

माझ्या धाकट्या बहिणीने आल्प्समधली एक खिंड एका दिवसात पार केली, हे आमच्या भोरच्या गल्लीत ठाऊक नसलेलं माणूस शोधावं लागेल. आईने तो व्हिडिओ दूधवालीला दाखवला, इस्त्रीवाल्याला दाखवला, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा जिन्यात थांबवून दाखवला. व्हिडिओत बर्फ होता, पिवळ्या पाट्या होत्या आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई होत्या. "घंटा केवढी गं," आई दर वेळी म्हणायची, "आपल्या देवळात शोभंल."

आई माझ्याकडे राहते. तिच्या गोळ्या, तिचे गुडघे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या, सगळं माझ्याकडे. शाळेच्या ऑफिसातून मी घरी येते तेव्हा ती विचारते, "भाजी आनलीस का?" बहिणीचा फोन आला की मात्र पदर सावरून बसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मुलीही दुरूनच साजऱ्या दिसत असाव्यात. मी जळत होते, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

डिसेंबरात ती परदेशातून तीन आठवडे सुट्टीला आली. पहिल्या आठवड्यातच मी म्हटलं, "तिकडचे डोंगर झाले, आता आपला मढे घाट उतरून दाखव. शेजारच्या उपांड्या घाटाने वर येऊ." ती लगेच हो म्हणाली. तिला दमलेली बघायचं होतं मला. सुट्या मुरमावरून ती एकदा तरी घसरावी, आणि मी हात द्यावा, आणि हे सगळं तिने घरी येऊन आईसमोर सांगावं, इतका बारीक बेत मी आखला होता.

आईचं माहेर त्या घाटाखाली, कोकणात. लग्न झाल्यावर ती ह्याच वाटेने चालत वर वेल्ह्याकडे आली. त्यामुळे निघायच्या पहाटे तिने नारळ काढला, तेव्हा मी हात पुढे केला. थोरली मी. तिने माझ्या हातावरून नारळ पुढे नेला आणि धाकटीला दिला. "वर घाटदेवाला फोड," म्हणाली. मला म्हणाली, "तू पान्याच्या बाटल्या घे."

जीप नसरापूर, वेल्हे करत घाटमाथ्यावरच्या केळदला पोचेपर्यंत मी पाण्याच्या बाटल्या मांडीवर धरून बसले. बहीण खिडकीतून बघत "किती सुंदर, किती सुंदर" करत होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथे तर पिकवणारीलाच माल नवा वाटत होता.

घाटाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. तोच घाटदेव. तिथे पोचल्यावर ती दरीचे फोटो काढायला कड्याकडे गेली. "ताई, बॅग बघ हं," म्हणाली.

मी बॅग बघितली. चेन उघडली, नारळ काढला, दगडावर आपटला. एका फटक्यात फुटला. पाणी देवावर ओतलं, एक वाटी तिथे ठेवली, दुसरी फोडून प्रसाद केला. हात जोडले की नाही ते आठवत नाही. राग एवढा होता की देवाकडे माझं लक्षच नव्हतं.

ती परत आली तेव्हा मी खोबरं चावत होते.

"अगं, मी फोडणार होते ना?"

"थोरलीनं फोडायचा असतो," मी म्हटलं. अशी काही रीत नाही. मी ती तिथल्या तिथे तयार केली.

"असं होय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला तुकडा घेऊन खाऊ लागली. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घाट उतरताना ती घसरली नाही. घसरले मी, दोनदा. तिने आपल्या डोंगर चढायच्या दोन काठ्यांतली एक मला दिली आणि पुढे राहून कुठे पाय टाकायचा ते सांगत गेली. खालच्या गावात पाणी पिऊन उपांड्या चढताना माझे गुडघे बोलायला लागले. मला धाप लागली की ती स्वतःच थांबायची, बुटाची नाडी बांधल्याचं निमित्त करून. चार वेळा नाडी बांधली तिने. मला तेही सहन झालं नाही.

संध्याकाळी भोरला आलो. ती आंघोळीला गेली आणि आई माझ्याजवळ येऊन बसली.

"नारळ तिनंच फोडला न्हवं? तिच्या हातानं?"

"का गं?"

"घाट वलांडून जानाऱ्यानं सोता फोडायचा असतो, म्हंजी देव त्याला माघारी आनतो. माज्या लग्नात मला कुनी सांगितलंच न्हाई. मामंजींनी फोडला, माज्या नावानं. त्याच पावसाळ्यात आय गेली. वाट बंद. पुन्यांदा गाठ न्हाई." तिने बाथरूमच्या दाराकडे बघितलं. "ही तर लई लांब जाती. माजं वय झालं आता."

मी रिकाम्या बाटल्या एकेक करून पिशवीतून काढल्या.

"तिनंच फोडला," मी म्हणाले. "एका फटक्यात."

आईने सुस्कारा सोडला. तिचे खांदे सैल पडले. मग मी विचारू नये ते विचारलं. "माझ्या हातात का नाही दिलास? मीही घाट उतरणारच होते की."

ती खरोखर बुचकळ्यात पडली. "तुज्यासाटी कशाला मागायचं देवाकडं? तू कुठं जातीस?"

बहीण पुढच्या रविवारी जाणार होती. त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती, निदान लाज तरी. वाटली ती पुन्हा असूयाच. आपण परत येऊ की नाही म्हणून आईचा जीव टांगणीला लागावा, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी कधी घर सोडलंच नव्हतं.