वेळ घालवायला येणारी बहीण

सोफ्याच्या कारखान्यात दादासारखा कापड कापणारा दुसरा नव्हता. हे दादाच सांगायचा, रोज, कुणी न विचारता. एक गोष्ट मात्र त्याने कधी कुणाला सांगितली नाही.

अकरा वर्षांपूर्वी तो धाकट्या बहिणीला कामाला लावायला घेऊन गेला, तेव्हा मालकांनी विचारलं होतं, "पगार काय द्यायचा हिला?"

दादाची मान ताठ. "द्या हो काय द्यायचं ते. घर बघायला मी आहे. ही आपली वेळ घालवायला येते."

खरं तर दादाचा पगार वीस तारखेलाच संपायचा. पण कमावत्या भावाने बहिणीसाठी घासाघीस करायची? छे!

बहीण शिवणाला बसली. तिच्या कव्हरच्या कोपऱ्यात सुरकुती शोधूनही सापडायची नाही. नवे येणारे तिच्याच हाताखाली तयार झाले. त्यातलाच एक लंबू. चहाच्या सुट्टीत तो आपला पगार बोलून गेला. हिच्या दीडपट! आणि सरळ शिलाई अजून वाकडी जाते त्याची.

ती तडक मालकांसमोर उभी राहिली. दादा मागेच कापत होता.

"अगं, त्याला घर चालवायचंय," मालक म्हणाले. "तू तर वेळ घालवायला येतेस. तुझा दादाच म्हणाला होता. विचार त्याला."

तिने वळून पाहिलं. दादाची कात्री कापडातच थांबली. आईची औषधं, दादाच्या पोराची शाळा, तो ऐटीत मिरवायचा ती मोटारसायकलसुद्धा हिच्याच पगारातली. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं त्याला.

तो पुढे आला. सगळ्या मशीन थांबल्या होत्या.

"मालक, तेव्हा मी बढाई मारली. माझ्या एकट्यावर आमचं घर कधीच चाललं नाही. हिला लंबूएवढं द्या. हवं तर माझ्यातलं कापा."

"तुझ्यातलं कशाला?" बहीण उसळली. "मला माझ्या कामाचं हवंय!"

"बरं बाई, या महिन्यापासून देतो," मालक पुटपुटले.

दादाला हायसं वाटलं नाही. मागची अकरा वर्षं कोण देणार होतं?

संध्याकाळी ती मोटारसायकलवर मागे बसली. "दादा, आई अजून शेजारणींना सांगते, माझा लेकच घर ओढतो म्हणून."

दादाने किल्ली लावली. "सांगतो तिला. पण तू तेव्हा समोर बसू नकोस."

"समोरच बसणार," ती म्हणाली. "चल, गाडी काढ."