आईच्या वजनावर बसवलेली गाडी

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला बसता येईल अशी एकच गाडी घरात होती: वडिलांची जुनी फियाट. जीपची पायरी तिला उंच पडायची, भावाच्या नव्या गाडीत ती फार खोल बसायची. फियाटचं पुढचं सीट सलग, खुर्चीच्या उंचीचं, आणि गिअर स्टीअरिंगपाशी. त्यामुळे पाय फारसा न वाकवता आत सरकता येतं. पण गाडी डावीकडे ओढत होती, आणि नाशिकला डॉक्टरांकडे जायचं तर मोखाड्यापुढचा घाट होता. तपासणी झाल्याशिवाय डॉक्टर वॉकर सोडू देणार नव्हते. आईला त्या वॉकरचा मनस्वी राग.

जव्हारमधल्या आमच्या मिस्त्रीचा सगळा जन्म जीपगाड्यांखाली गेलेला. त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, सांध्यांतले रबरी बुश बदलले आणि गाडी परत दिली. गाडीने नाक वर केलं होतं.

"ताई, स्प्रिंगांना पॅकिंग टाकलंय," तो खुशीत म्हणाला. "आता दगड लागणार नाही खालून. आपल्याकडे सगळ्यांनाच टाकतो."

खरंच टाकतो. इथे जीप घेतली की आधी ती उंच करून घेतात, देवाचं नाव मागाहून रंगवतात. मी शिरपामाळपर्यंत जाऊन आले. डावीकडे ओढणं थांबलं होतं, पण आता प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःच दिशा ठरवत होती. घरी आईला बसवून पाहिलं, तर पाय जमिनीला टेकेनात.

"घोड्यावर बसवतेस का मला?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिलाही बरोबर घेतलं. भावाने आणि मी मिळून तिला गाडीत चढवलं, आणि गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसवलं.

"पॅकिंग काढा," मी मिस्त्रीला सांगितलं.

"खाली घासेल."

"सावकाश चालवीन."

"वांगणीकडच्या दगडी रस्त्याने तर नाही ना न्यायची?"

"नाशिकला."

"मग काढतो," तो म्हणाला, पण चेहरा पाडून.

पॅकिंग निघालं. बुशांचे नट त्याने मुद्दाम ढिले ठेवले. गाडी हवेत उचललेली असताना ते आवळले तर रबर पिळलेलंच राहतं, नाक खाली येत नाही आणि बुश लवकर फाटतो. म्हणून चाकं जमिनीवर हवीत आणि आत रोजचं वजन हवं. गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेऊन त्याने शेजारच्या दुकानातून वजनाला नाचणीची पोती मागवली.

"मी बसलेय की इथे," आई खुर्चीवरून म्हणाली. "नाचणीला कशाला त्रास?"

तिला पुढच्या सीटवर सरकवलं, मी स्टीअरिंगवर बसले. मिस्त्रीने बॉनेट दाबून दाबून सोडलं, गाडी आपल्या जागी बसली, आणि तो पाना घेऊन खड्ड्यात उतरला.

"आजी, हलू नका हां!"

"ऑपरेशनपासून हेच ऐकतेय!"

नंतर त्याने चाकांना सुतळी लावून पुढची चाकं सरळ केली. सपाट रस्त्यावर मी स्टीअरिंगवरची पकड सैल केली. गाडी नाकासमोर जात राहिली. कितीतरी दिवसांनी माझे खांदे खाली आले.

नाशिकच्या दिवशी घाटात आई दरीकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती. दोन वळणं झाल्यावर तिने बघणं सोडलं आणि पिशवीतून चिवडा काढला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, चालायला लावलं आणि म्हणाले, आता काठी पुरे.

परतताना गॅरेजपाशी थांबलो. आईने दार उघडलं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि काठीवर उभी राहिली. मिस्त्रीने आधी गाडीखाली वाकून पाहिलं.

"घासली का?"

"एकदा," मी म्हणाले.

"बघा! सांगितलं होतं."

"त्या वॉकरचं ओझं होतं डिकीत," आई म्हणाली. "तो काढून ठेव तुझ्याकडे. काय आवळायचं ते आवळ त्याने."