आबांची घोंगडी आणि थंडीतलं बी

चार माणसं वर्षानुवर्षं एका जागी काम करायला लागली, की किस्से आपोआप साठत जातात. आमच्या साताऱ्याच्या नर्सरीत तर निम्मं काम म्हणजे बी उगवायची वाट बघणं! मग गप्पांशिवाय करणार काय? दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. मी तिथं कारकून, कुंड्यांवरच्या पाट्या लिहायचो. मालक म्हणजे फॉरेस्टमधून रिटायर झालेले साहेब. आणि खरे मालक म्हणजे आमचे हेडमाळी गणूआबा!

* * *

साहेबांना थंड मुलखातल्या फुलझाडांचा भारी नाद. एकदा लावली की दरवर्षी फुलणारी झाडं. त्यांनी आम्हाला समजावलं, "हे बी कडक थंडी सोसल्याशिवाय उगवत नाही. ओल्या वाळूत घालून दोन महिने गारठ्यात ठेवायचं. मग हिवाळा सरला असं त्याला वाटतं आणि ते जागं होतं."

आबा म्हणाले, "म्हंजी फसवायचं व्हय? आवं सायेब, साताऱ्याच्या थंडीला आमी फसत न्हाई, बियानं कसं फसंल!"

* * *

मग साहेबांनी कुंड्या आणि आबा, दोघांनाही हिवाळाभर पाचगणीला धाडलं. फाल्गुनात दोघं परत आले. एक कोंब फुटेल तर शपथ!

खोदून खोदून विचारल्यावर आबांनी कबूल केलं. रोज दिवस मावळला की ते सगळ्या कुंड्या आत चुलीपाशी घ्यायचे आणि वर आपली घोंगडी पांघरायचे!

"लेकरं हाईत ती. म्या उबंला आन् ती भायेर? न्हाई जमलं!"



* * *

आबांचा एकुलता एक मुलगा शिवा पलटणीत होता, इटलीच्या आघाडीवर. त्या पावसाळ्यात रजेवर आलेल्या एका गाववाल्याबरोबर त्याचं पत्र आलं, सोबत चिमूटभर काळं बी. पत्र मीच वाचून दाखवलं. "डोंगरातल्या एका म्हातारीच्या दारात निळी फुलं व्हती. तिनंच बी दिलं. आबा, हिवाळ्यात हितं लय बर्फ व्हता. पर ह्ये बी बर्फातनंच उगवतं म्हनं."

आबांनी ते तीनदा वाचायला लावलं. मग एवढंच विचारलं, "त्येच्याकडं घोंगडी आसंल का?"

* * *

या वेळी साहेबांनी धोका पत्करला नाही. गावातल्या, ओळखीच्या सांगलीकर डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधांसाठी रॉकेलवर चालणारा फ्रीज होता. त्यात वाळूचा डबा ठेवला. आबा दर गुरुवारी चौकशीला जायचे.

"आमचं कसं हाय?"

कंपाउंडर सांगायचा, "झोपलंय अजून."

हे कुणीतरी ऐकलं आणि गावभर झालं! शेजारच्या बायका मोसंबी घेऊन आबांच्या घरी हजर. काशीकाकू, म्हणजे आबांची बायको, चकितच झाली. "आवं, आमी समदी धडधाकट हाय. दवाखान्यात निस्ता वाळूचा डबा ठेवलाय!"

* * *

त्याच हिवाळ्यात शिवाची पत्रं थांबली. आबांनी घोंगडी घडी करून पेटीत ठेवली. पौषातल्या गारठ्यात नुसत्या सदऱ्यावर कुंड्यांना पाणी घालायचे. साहेब रागावले, "आबा, न्यूमोनिया होईल!"

"त्येला लागतीया थंडी. मलाबी लागू द्या."

 

माघ सरता सरता बी पेरलं आणि काही दिवसांनी तीन कोंब वर आले. साहेब आनंदानं ओरडले. आबा म्हणाले, "हे तर आलं." आणि फाटकाशी जाऊन रस्त्याकडं बघत उभे राहिले.

* * *

शिवा आला तो वैशाखात. जखमी होऊन इस्पितळात पडला होता, म्हणून पत्रं नव्हती. आम्ही सगळे आबांच्या घरी धावलो. ऊन असं, की अंगणात पाय ठेववेना.

शिवा ओसरीवर बसला होता. आबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग आत गेले, पेटीतली घोंगडी काढून आणली आणि त्याला गच्च गुंडाळली.

"आबा, लय उकडतंय!"

"गप बस. तिकडची थंडी आजून अंगातनं गेली न्हाई."

घामानं निथळत तो पलटणीतला गडी तसाच बसून राहिला. शेवटी आबांनीच घोंगडी काढली, तोवर त्यानं ती खांद्यावरून खाली घेतली नाही.